स्वतःभोवतीची प्रदक्षिणा

"शैलजाताई, बाहेर जाण्यासाठी पालकांची संमती आवश्यक आहे."

पिशवी हातात, चपला पायात, आणि माझंच दार मला हे ऐकवत होतं. तेही अगदी गोड आवाजात. तो आवाज मीच निवडला होता. बाकीचे सगळे विमानतळावरच्या घोषणेसारखे होते, त्यातल्या त्यात हा बरा वाटला होता. मी मूठ फिरवली, दार ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. दार ढिम्म.

"कुणाचे पालक?" मी विचारलं.

"आपले पालक, कौस्तुभ अविनाश केसकर. त्यांना विनंती पाठवू का?"

कौस्तुभ माझा मुलगा. त्याचं शेंबडं नाक मी पदराने पुसलंय, आणि दहावीला गणितात गटांगळ्या खात होता तेव्हा रोज पहाटे उठवून मी त्याला बीजगणित शिकवलंय. तो आता माझा पालक! अंगाचा असा तिळपापड झाला की मी दाराला एक सणसणीत लाथ घातली. लागलं अर्थात मलाच.

कौस्तुभ पुण्यात असतो. फोन त्याने पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे वाटच बघत होता.

"आई, चिडू नकोस. आधी ऐकून घे."

"मी चिडलेलीच आहे. आता ऐकव."

"तुझा अंक घसरलाय. गेले काही आठवडे रोज दिशाभ्रम दाखवतोय. दिशाभ्रम म्हणजे..."

"मला मराठी येतं."

"हां. तर कंपनीने विचारलं, घर संरक्षित करायचं का? मी हो म्हटलं."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हटलं असतं! माझं घर आहे ते."

तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा पडले तेव्हा घरात कुणी नव्हतं, आई. मला ते परत नकोय."

मी फोन ठेवून दिला. पाठोपाठ दार खटकन उघडलं आणि त्याचा निरोप आला, 'संमती दिली आहे. जाऊन ये, पण लवकर परत ये.' बाहेर जिना दिसत होता, शनिवारचा बाजार भरलेला होता, वांगी आणायची होती. मी चपला काढल्या, दार लावून घेतलं आणि आत जाऊन बसले. घरात कडधान्यं भरपूर होती. संमती घेऊन मी उंबरा ओलांडणार नव्हते.

आता हे सगळं माझ्या घरात आलं कसं, ते सांगते. मीच आणलं. नोकरी टेलिफोन खात्यात झाली, एक्स्चेंजमध्ये. तारा, रिले, सिग्नल यांच्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात तशी मी या नादाला लागले. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये दिवे, पंखे, गीझर, पाण्याची टाकी, सगळं मी स्वतः जोडलं. टाकी भरली की पंप आपोआप बंद, ऊन उतरलं की पडदे आपोआप उघडे. अर्धा वेळ हे चालायचं आणि अर्धा वेळ मी स्टुलावर चढून का चालत नाही ते शोधायची. खरं सांगायचं तर दुसरा अर्धाच मला जास्त आवडायचा. अविनाश म्हणायचे, "तुझ्या घरात दिवा लावायला बटण सोडून सगळं आहे."

अविनाश बाथरूममध्ये पडून गेले. मी भाजी आणायला गेले होते. त्यानंतर मी प्रत्येक खोलीच्या छताला रडार लावलं.

रडार म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, काडेपेटीएवढी डबी असते. तिच्यातून रेडिओ लहरी निघतात, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या. त्या माणसावर आपटून परत येतात. माणूस जवळ आला, लांब गेला, की परत आलेली लहर तितकीच आधी किंवा नंतर पोचते. लहर इतकी आखूड असल्यामुळे केसाएवढी हालचालही तिला कळते. झोपलेल्या माणसाची छाती श्वासाबरोबर वरखाली होते तीसुद्धा. कॅमेरा नाही, चेहरा नाही, फक्त ठिपक्यांचा एक पुंजका. तो पुंजका जमिनीवर आडवा झाला आणि उठला नाही, तर कौस्तुभला फोन जायचा. एवढंच मी बसवलं होतं आणि एवढंच मला हवं होतं.

मग आरोग्य विम्याच्या कंपनीने नियम काढला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात त्यांचा डबा हवाच, नाहीतर विमा नाही. डब्याचं नाव 'सोबती'. तो तुमच्या रडारला जोडायचा आणि तुमच्या दाराच्या नि गॅसच्या कुलपालाही. सोबती तुमच्या ठिपक्यांवरून तुम्ही कसे चालता, कुठे थबकता, किती वेळा वळता ते बघतो. लाखो माणसांच्या चालींवर त्याला शिकवलेलं आहे. त्यातून तो तुमचा स्वावलंबन अंक काढतो. अंक खाली गेला आणि पालक म्हणून नोंदवलेल्या माणसाने मान डोलावली, की घर संरक्षित होतं. मग गॅस पेटवायला संमती, दार उघडायला संमती. आग लागली तर मात्र दार आपोआप उघडतं, एवढी मेहेरबानी आहे.

डबा बसवताना मला गंमतच वाटली होती. नवं खेळणं! आणि पालक कोण या रकान्यात दुसरं कुणाचं नाव लिहिणार होते मी?

दोन दिवस मी धुमसत काढले. कौस्तुभने गॅसची संमती कायमची देऊन ठेवली होती, तेवढी मी गिळली, कारण उसळ कच्ची खाता येत नाही. तिसऱ्या दिवशी मनात आलं, शैलजा, तू आयुष्यभर बिघाड शोधलेस. हाही एक बिघाडच आहे. तुझ्यात असेल नाहीतर डब्यात असेल, पण शोध तर खरं.

खरं सांगते, तो माझ्यात निघेल याची मला भीती वाटत होती.

टेलिफोनची लाइन मेली की आम्ही ती मधोमध तोडून बघायचो. अलीकडचा अर्धा भाग ठीक असेल तर दोष पलीकडे. मग त्या अर्ध्याचा अर्धा. तेच इथे केलं. सोबती काय विचार करतो ते तो सांगत नाही, पण त्याला काही खटकलं की दारावर उंच लावलेल्या डब्यावरचा पिवळा दिवा क्षणभर लुकलुकतो. मी त्या दिव्यावर जुन्या फोनचा कॅमेरा रोखला, त्याचं चित्र टॅबलेटवर घेतलं आणि टॅबलेट बरोबर घेऊन रोजचे सगळे उद्योग ओळीने करत सुटले.

बैठकीची खोली ठीक. पंख्याचं पातं कधी कधी रडारला माणूस वाटतं, म्हणून पंखा लावून बघितला, बंद करून बघितला. दिवा शांत. लोखंडी कपाटावरून लहर उलटून भलतीकडे दुसरा माणूस दिसतो, म्हणून कपाटावर चादर टाकली. शांत. झोपायची खोली शांत. राहिलं स्वयंपाकघर. चहा केला. वाकून केर काढला. टाचा उंचावून वरचा डबा काढला, मुद्दाम उलथणं पाडलं, बडबड केली, गॅसपाशी येऊन 'मी इथे कशाला आले बरं' म्हणून उभी राहिले. एवढ्यावर तरी लागेल असं वाटलं होतं. नाही लागला.

मग अंघोळ करून देवापुढे निरांजन लावलं. आमच्या इमारतीच्या बिल्डरने प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीत देवघराचा कोनाडा केलाय. भिंतीतल्या देवाभोवती फिरणार कुठून? म्हणून नमस्कार करून आपण जागेवरच स्वतःभोवती फिरतो, सगळे फिरतात तसे. मी हात जोडले आणि फिरले. गोल फिरलं की जरा गरगरतं, म्हणून ओट्याला हात लावून डोळे मिटून क्षणभर उभी राहिले.

डोळे उघडले तर ओट्यावरच्या टॅबलेटमध्ये पिवळा दिवा लुकलुकत होता.

मी परत फिरले. परत लुकलुकला. उलट दिशेने फिरले, तरी लुकलुकला. मी ओट्याला टेकून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्याला शिकवणाऱ्या लाखो माणसांत स्वतःभोवती प्रदक्षिणा घालणारं एकही नसावं! त्याच्या मते एक म्हातारी रोज सकाळी ओट्यापाशी येते, कुठे जायचं ते न कळून गरागरा फिरते आणि मग आधार धरून गोठून उभी राहते. गेल्या महिन्यात कंपनीने सोबतीला नवी आवृत्ती चढवली होती. दिशाभ्रम तिच्यातूनच आला होता, माझ्या डोक्यातून नव्हे.

हसू ओसरल्यावर मात्र एक गोष्ट आठवली आणि मी तडक गॅलरीत गेले.

शेजारच्या फ्लॅटमध्ये वाघमोडे सर राहतात. हायस्कूलमध्ये पीटी शिकवायचे. अर्ध्या सांगलीने त्यांच्या शिट्टीवर कवायत केली आहे. बायको गेल्यापासून एकटेच असतात. रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर जाणारा हा माणूस बरेच दिवस दिसला नव्हता. आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मध्ये हातभर भिंत आहे. मी हाका मारल्या तेव्हा ते आले, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"सर, फिरायला जात नाही हल्ली?"

"न्हाई जात." त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं. "ताई, तुमच्यापास्नं काय लपवायचं. डोकं चालंना झालंय माझं. साताऱ्याच्या लेकीनं दाराला कुलूप घातलंय."

"दिशाभ्रम?"

त्यांनी मान डोलावली. "मला आधी खरं वाटंना. मग मी परीक्षा घेतली माझी. आमची कबड्डीची टीम होती, जिल्ह्यात पहिली आलेली. सगळी नावं म्हणून बघितली. एक आठवंना. म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलंल?"

"सर, तुमचं देवघर कुठे आहे?"

"तुमच्यासारखंच की. भिंतीत."

"पूजा झाली की काय करता?"

"काय करणार? बिरोबाला हात जोडायचे, आन् जागेवरच फिरायचं."

मी त्यांना सगळं सांगितलं. पिवळा दिवा, ओटा, नवी आवृत्ती. मला वाटलं होतं, सर उडी मारतील. ते नुसते भिंतीवर बोटं फिरवत राहिले.

"पण मग ते नाव का आठवंना, ताई?"

"अहो, मला सकाळी चष्मा सापडत नाही! पन्नास वर्षांपूर्वीचं एखादं नाव विसरतंच माणूस."

"तसं असंल," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांना माझं पटलं नव्हतं. मशीनचं पटलं होतं. माझं दार बंद झालं तेव्हाही मला इतका संताप आला नव्हता.

कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, कारण ते लिहिणारंही माणूस नव्हतं. 'वर्तनात बदल केल्यास अंक सुधारतो.' मी आणखी चार कडक वाक्यं लिहिली, तेव्हा कुठे एक हाडामांसाचं माणूस रविवारी घरी येईल असं कळलं.

खरं म्हणजे मला हे सगळं करायची गरजच नव्हती. स्वयंपाकघरातला तेवढा कोपरा रडारच्या नजरेतून वगळणं माझ्या डाव्या हाताचा मळ होता. अंक चढला असता, दार उघडलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. मी टॅबलेट उघडूनही बसले. पण माझ्याच घरात, माझ्याच ओट्यापाशी, मी चोरून का फिरायचं? टॅबलेट मिटला.

रविवारी कौस्तुभ पुण्याहून आला आणि पाठोपाठ कंपनीच्या सरनोबत मॅडम आल्या. चाळिशीची, समजूतदार चेहऱ्याची बाई. मी त्यांच्यासमोर फिरून दाखवलं, दिवा लुकलुकलेला दाखवला. कौस्तुभ बघतच राहिला.

"म्हणजे हे एवढंच होतं?" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा सैल पडला की मला त्याची दया आली. पोरगं खरंच घाबरलेलं होतं.

"मला पटतंय तुमचं," सरनोबत मॅडम म्हणाल्या. "आमच्या सासूबाईही अशाच फिरतात."

"मग दुरुस्त करा."

"ते आमच्या हातात नाही हो. तक्रार वर जाईल, पुढच्या एखाद्या आवृत्तीत होईल कदाचित. तोवर दोन उपाय आहेत. तुम्ही ते फिरणं थांबवा, अंक आपोआप वर येईल. नाहीतर सौम्य दिशाभ्रम आहे असं आपण मान्य करू. मग दिवसा दार उघडं ठेवता येतं."

"नसलेला आजार मान्य करू?"

"नुसती सोय म्हणून."

कौस्तुभ पुढे सरसावला. "आई, पहिलं सोपं आहे ना. नुसता नमस्कार कर. नाहीतरी तू कुठे एवढी देवाची?"

"नाहीच आहे मी देवाची," मी म्हणाले. "आईने शिकवलं म्हणून फिरते. कधी कधी एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून फिरते. उद्या मला वाटलं तर बंदही करीन. पण या डब्याला कळत नाही म्हणून बंद करणार नाही. आज म्हणे फिरू नका. उद्या खिडकीत उगाच उभं राहिलेलं त्याला कळणार नाही, परवा एकटीच हसलेली कळणार नाही. तेही सोडू? मग त्याला कळेल तेवढंच वागणारी एक बाई या घरात राहील. तिचा अंक फार चांगला असेल, कौस्तुभ. पण ती तुझी आई नसेल."

"तू उगाच ताणतेयस."

"ताणतेय. स्टूल आण."

"कशाला?"

"डबा काढायचाय."

सरनोबत मॅडम उठून उभ्या राहिल्या. "केसकर मॅडम, डबा निघाला की त्याच क्षणी विमा रद्द होतो. या वयात नवा मिळणार नाही."

"माहीत आहे." उद्या हॉस्पिटलात पडले तर काय होईल, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. मी खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"आणि पडलीस तर?" कौस्तुभ ओरडला. "बाबांसारखी पडलीस तर?"

मी थांबले. आम्ही दोघं हे कधीच बोललो नव्हतो.

"त्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मी परत आले," मी म्हणाले. "बाथरूमचं दार मी उघडलं. तुला फोनवर कळलं, मी ते डोळ्यांनी बघितलंय. पडायची भीती मला तुझ्यापेक्षा जास्त वाटते. रोज अंघोळीला जाताना वाटते. तरी मी कुलपात राहणार नाही. माझं रडार मी ठेवणार आहे. मी पडून राहिले तर घंटा वाघमोडे सरांच्या घरात वाजेल आणि फोन तुला येईल. पण मी पडल्यावर येईल. मी कशी चालते, कशी फिरते, कुठे जाते, याचा येणार नाही. तेवढं माझं."

मी स्वतःच स्टूल ओढलं आणि चढले. एक पाय जरा आखूड आहे त्या स्टुलाचा, ते डुगडुगलं. खाली बघितलं तर कौस्तुभने दोन्ही हातांनी ते गच्च धरलं होतं. त्याचं तोंड रागाने लाल झालं होतं आणि डोळे भरले होते.

"डावीकडचा स्क्रू आधी काढ," तो म्हणाला. "नाहीतर डबा डोक्यावर पडेल."

सोबती निघाला. त्यापाठोपाठ दाराची मोटर काढली आणि जुनी, हाताने लावायची कडी परत बसवली. सरनोबत मॅडमनी फोनवर काहीतरी नोंदवलं, नमस्कार केला आणि गेल्या. जाताना माझ्याकडे जे बघितलं त्यात राग नव्हता. कौस्तुभ रात्रीच्या बसपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. निघताना मात्र नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "घंटा नीट वाजते ना, ते दर आठवड्याला तपासत जा."

घंटा बसवायला दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. आत येणाऱ्याला त्यांचं दार अडवत नव्हतं, अडवायचं ते फक्त त्यांनाच. मी तार ओढत होते आणि सर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. काम संपत आलं तशी ते म्हणाले, "ताई, माझंबी काढा."

"लेकीला विचारलंत?"

"सांगितलं तिला. रडली. पण सांगितलं."

"विमा जाईल, सर."

"जाऊ द्या. आमचा बाप उघड्या माळावर मेला, मेंढरांमागं. कुलपात कोन मेलं न्हाई आमच्यात."

मी त्यांचाही सोबती उतरवला, मोटर काढली, कडी लावली. दार सताड उघडलं. सरांनी कपाटातून कॅनव्हासचे बूट काढले, बराच वेळ नाड्या बांधल्या आणि उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. पुढे जाईनात. बाहेर जिना होता, खालून पोरांच्या क्रिकेटचा गलका येत होता. दार उघडं होतं आणि शेकडो पोरांना एका शिट्टीवर पळवणारा माणूस तिथे अवघडून उभा होता.

"ताई," त्यांनी मागे वळून विचारलं, "जाऊ न्हवं?"

'जा' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. किती सोपा होता तो. पण तो उच्चारला असता तर दारावरचं कुलूप काढून संमतीची किल्ली मी माझ्याकडे ठेवली असती. उद्या ते परत विचारायला आले असते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरचा, आधीच घट्ट बसलेला स्क्रू पिळत राहिले.

मागे बराच वेळ काहीच हाललं नाही. मग जिन्यावर बुटांचा आवाज आला. पहिल्या काही पायऱ्या सावकाश, आणि खालच्या भराभर.